घरची बियर बाटल्यांत भरताना: कोणतं सामान घ्यावं, कोणतं टाळावं

५ गॅलनची, म्हणजे साधारण १९ लिटरची घाणी (एका वेळी बनवलेली बियर) झाली की तळाचा गाळ आणि सांडलवंड वजा जाता १८ लिटर बियर हाती लागते. तिला ३५५ मिलीच्या पन्नासेक बाटल्या लागतात. बियर बनवायचा किट विकत घेणारे बहुतेक जण मोठं पातेलं आणि फर्मेंटर म्हणजे बियर आंबवायचं भांडं यांचा दहा वेळा विचार करतात आणि बाटल्यांचं सामान शेवटच्या आठवड्यात, जे मिळेल ते, उचलतात. तीन आठवड्यांची मेहनत वाया जाते ती बहुधा याच टप्प्यावर. कधी झाकण नीट बसत नाही, कधी तोटीत बुरशी असते, कधी साखर चमच्याने मोजलेली असते.

आधी कायद्याचं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बियर बनवणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे हा लेख परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे, मुख्यतः अमेरिकेतल्या. तिथे जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने घरगुती बियरला संघराज्याच्या पातळीवर मोकळीक मिळाली. एकटा प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं २०१३ मध्ये वळणावर आली. ब्रिटनमध्ये परवान्याची अट १९६३ मध्येच गेली. मापं पुढे अमेरिकेतल्या दुकानांत मिळतात ती दिली आहेत. ब्रिटन किंवा जर्मनीत असाल तर ३५५ च्या जागी ५०० मिलीची बाटली धरा, बाकी सगळं तेच.

आधी बाटली ठरवा

कॅपर म्हणजे झाकण दाबून बसवायचं साधन कोणतं, झाकण किती मिलिमीटरचं, बियरमध्ये वायू किती ठेवता येईल, हे सगळं बाटलीवर ठरतं. म्हणून खरेदीची सुरुवात बाटलीपासून.

बाटलीत बियर टाकली, साखर घातली आणि झाकण लावलं की यीस्ट ती साखर खाऊन वायू तयार करतं आणि आत दाब वाढू लागतो. साधारण फेसाळ बियरमध्ये खोलीच्या तापमानाला हा दाब २ बारच्या आसपास असतो, म्हणजे मोटारीच्या टायरमध्ये असतो जवळजवळ तितका. उन्हाळ्यात गॅरेजमध्ये ३५ अंशांवर तीच बाटली ठेवली तर बराच जास्त. तेव्हा बाटली म्हणजे नुसतं भांडं नव्हे, दाब सहन करणारं पात्र आहे, हे डोक्यात ठेवूनच ती निवडायची.

पहिली पसंती: तपकिरी, ओपनरनेच उघडणारी, १२ औंसांची म्हणजे ३५५ मिलीची जाड बाटली. नवी घ्या नाहीतर प्यायलेल्या बियरची जपून ठेवा, फरक पडत नाही. फक्त बाटलीच्या तोंडावर आटे असतील, म्हणजे झाकण हाताने फिरवून निघणारं असेल, तर ती बाजूला काढा. तिचं तोंड पातळ असतं आणि वरून दाबून बसवलेलं साधं झाकण त्यावर घट्ट बसत नाही. महिन्याभराने उघडल्यावर बियर सपाट निघते आणि दोष मात्र यीस्टला दिला जातो.

२२ औंसांची मोठी बाटली बरोबर ६५० मिलीची, आपल्याकडच्या मोठ्या बाटलीएवढी. १८ लिटरला या २७-२८ पुरतात, म्हणजे धुणं आणि झाकणं बसवणं दोन्ही निम्म्यावर. पण एकट्याने प्यायची असेल तर एवढी मोठी बाटली उघडून अर्धी ठेवता येत नाही. थोड्या या, थोड्या त्या, असं मिश्रण सोयीचं पडतं.

रंगाचा मुद्दा निव्वळ दिसण्याचा नाही. उजेडात हॉप्समधल्या, म्हणजे बियरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांमधल्या, कडू द्रव्याचं विघटन होऊन एक गंधकयुक्त संयुग तयार होतं, त्याला स्कंक या प्राण्यासारखा वास येतो. तपकिरी काच हा उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी थोडासा, पांढरी जवळजवळ नाहीच. हिरव्या बाटल्या हाताशी असतील तर टाकू नका, पण त्या बंद खोक्यात ठेवा. भर उन्हात पांढऱ्या काचेतली बियर काही मिनिटांत वास मारू लागते.

तारेच्या कडीची, रबरी वॉशर असलेली स्विंग-टॉप बाटली दिसायला देखणी आणि कॅपरचा खर्च वाचवणारी. पण दोन अटी. वॉशर दर काही घाण्यांनंतर बदलायचे. चिरलेल्या किंवा कडक झालेल्या वॉशरमधून वायू हळूहळू निसटतो. आणि बाटली बियरसाठीच बनवलेली हवी. घरसजावटीच्या दुकानात तेलासाठी, सरबतासाठी म्हणून मिळणाऱ्या पातळ काचेच्या, विशेषतः चौकोनी बाटल्या कधीही वापरू नका. चौकोनी काचेत सगळा ताण कोपऱ्यांवर येतो आणि ती तिथेच फुटते. वाइनच्या बाटल्या, जॅमच्या बरण्या आणि आटेवाल्या झाकणाचे काचेचे ग्राउलर यांनाही हाच नियम. ग्राउलर नळावरून तयार बियर भरून त्याच दिवशी नेण्यासाठी असतो, साखर घालून आत वायू तयार करण्यासाठी नव्हे.

प्लॅस्टिकच्या तपकिरी पीईटी बाटल्या नवशिक्याला हिणवू नयेत अशा उपयोगी असतात. ऑस्ट्रेलियातल्या कूपर्सच्या किटमध्ये त्याच येतात. त्या फुटून काचा उडत नाहीत, स्क्रूचं झाकण हाताने बसतं, बोटाने दाबून आतला दाब कळतो. उणीव एकच: प्लॅस्टिकमधून प्राणवायू अगदी हळू आत शिरतो, म्हणून त्यातली बियर तीन-चार महिन्यांत संपवलेली बरी. वर्षभर मुरवायची तीव्र स्टाउट त्यात भरू नका.

शॅम्पेनच्या आणि बेल्जियन धाटणीच्या जाड बाटल्या जास्त दाब सोसतात. गव्हाच्या बियरला किंवा सेझॉन या बेल्जियन बियरला ३ व्हॉल्यूमच्या वर (एका लिटरमध्ये तीन लिटरहून जास्त) वायू हवा असेल तर याच लागतात. घेण्याआधी तोंडाचं माप मात्र बघा, कारण तिथे झाकणाचा प्रश्न उभा राहतो.

झाकण आणि कॅपर

आज वापरतो ते दातेरी पत्र्याचं क्राउन झाकण बाल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांनी १८९२ मध्ये पेटंट केलं. मूळच्या झाकणाला २४ दाते होते, आताच्याला २१ असतात. बियरच्या बहुतेक बाटल्यांना २६ मिमीचं झाकण लागतं. युरोपातल्या बऱ्याच शॅम्पेन बाटल्या आणि काही बेल्जियन बाटल्या २९ मिमीच्या असतात, अमेरिकी शॅम्पेन बाटल्यांना बहुधा २६ चालतं. २६ चं झाकण २९ च्या तोंडावर बसतच नाही, त्यामुळे चूक लगेच कळते. फक्त ती बियर भरल्यावर कळू नये, म्हणून एक झाकण खिशात घेऊनच बाटल्या गोळा करा.

प्राणवायू शोषणारी झाकणंही मिळतात. हॉप्सचा भरपूर वास असलेल्या आयपीए बियरला ती फायद्याची. पण त्यांचा आतला थर ओला झाला की काम सुरू करतो. तासभर सॅनिटायझरमध्ये बुडवून ठेवली तर तो थर बियरपर्यंत पोचण्याआधीच खर्ची पडतो. ही झाकणं बसवण्याच्या क्षणी बुडवा आणि लगेच लावा. साधी झाकणं मात्र वाडग्यात भिजत ठेवली तरी बिघडत नाही.

कॅपरचे दोन प्रकार.

दोन दांड्यांचा, पंखांसारखा उघडणारा हातकॅपर स्वस्त आणि छोटा, खणात मावणारा. रेड बॅरन आणि एमिली ही नावं सगळ्या दुकानांत दिसतात. हा बाटलीच्या मानेवरच्या काचेच्या कड्याला खालून पकडतो आणि दांड्या खाली दाबल्या की झाकण वरून दाबलं जातं. म्हणजे बाटलीला ते कडं नीट, पुरेसं रुंद हवं. काही बुटक्या आणि परदेशी बाटल्यांचं कडं उथळ असतं, तिथे कॅपर घसरतो. घसरताना जोर लावला तर मान मोडते आणि हात तिथेच असतो. काही मॉडेलमध्ये पकडीच्या पट्ट्या उलट्या करून दुसऱ्या मापाच्या मानेला लावता येतात, तेवढं करून पाहा. तरीही घसरला तर ती बाटली बाद. झाकणाच्या मध्यभागी उमटणारा छोटा खळगा हा दोष नाही, हातकॅपरची ती सहीच असते.

दुसरा बेंच कॅपर. इटालियन बनावटीचा सुपर अगाटा हा त्यातला नेहमी दिसणारा. बाटली खाली तळावर उभी राहते, वरून एकच दांडी ओढायची. मानेला पकडत नसल्यामुळे कड्याचा प्रश्न उरत नाही, एका हाताने चालतो, आणि वरची घंटी, म्हणजे झाकण दाबणारा भाग, बदलून २९ मिमीची झाकणंही बसवता येतात. किंमत हातकॅपरच्या दुप्पट-तिप्पट. वर्षाला दोन घाण्या करणार असाल तर हातकॅपर पुरे. महिन्याला एक, किंवा नाना तऱ्हेच्या बाटल्या जमवायची सवय असेल, तर पहिल्यांदाच बेंच कॅपर घ्या. वेगवेगळ्या उंचीच्या बाटल्या असतील तर त्या आधी उंचीप्रमाणे लावून घ्या, नाहीतर दर दोन बाटल्यांनी कॅपरची उंची बदलत बसावं लागतं.

झाकण बसलं की नाही हे डोळ्यांनी नक्की कळत नाही. व्हर्नियर कॅलिपर असेल तर दात्यांचा बाहेरचा व्यास मोजा, तो साधारण २८.६ ते २८.८ मिमी भरला पाहिजे. त्याहून बराच जास्त असेल तर दाब कमी पडतोय. कॅलिपर नसेल तर झाकण बोटांनी फिरवून पाहा, जरासुद्धा फिरलं तर पुन्हा दाबा. सगळ्यात चांगलं म्हणजे बियर भरायच्या आदल्या दिवशी पाणी भरलेल्या दोन बाटल्यांवर झाकणं बसवून, त्या उलट्या करून रात्रभर ठेवणं.

बादली, तोटी, नळी आणि कांडी

फर्मेंटरमधून थेट बाटलीत भरणं टाळा. साखर सारखी मिसळत नाही आणि गाळ ढवळला जातो. वेगळी भरणीची बादली हवी. अन्नासाठीच्या प्लॅस्टिकची, ६.५ गॅलनची म्हणजे २४-२५ लिटरची, बुडाशी तोटी असलेली. लोणच्याची किंवा मसाल्याची रिकामी बादली आणून वापरू नका. प्लॅस्टिक वास धरून ठेवतं. मोहरी-हिंगाचा वास कितीही धुतला तरी बियरमध्ये उतरतो. बादली आतून खरवडू नका, घासणी लावू नका. ओरखड्यांत जंतू लपतात आणि तिथवर सॅनिटायझर पोचत नाही. मऊ फडकं आणि भिजवणं, बस.

सगळ्या सामानात सर्वांत जास्त घोटाळा करणारा भाग म्हणजे तोटी. तिच्या आत, फिरणाऱ्या भागाच्या मागे बियर अडकते, वाळते, आणि पुढच्या वेळी तिथूनच आंबट चव सगळ्या बाटल्यांत जाते. एका बाटलीला लागण झाली तर दोष बाटलीचा. सगळ्या घाणीला एकसारखी आली तर आधी तोटीकडे बोट करा. म्हणून पूर्ण सुटी होणारी तोटी घ्या आणि प्रत्येक वेळी बादलीतून काढून, भाग वेगळे करून धुवा. परत बसवताना वॉशर आतून की बाहेरून, हे तोटीसोबतच्या कागदावर पाहून ठरवा. मग बादलीत दोनेक लिटर पाणी घालून दहा मिनिटं कोरड्या फडक्यावर ठेवा. फडकं ओलं झालं तर हाताने अजून थोडी आवळा. पान्याने आवळू नका, प्लॅस्टिकचे आटे निघतात.

तोटी बुडापासून इंचभर वर असते, त्यामुळे शेवटचा अर्धा ते एक लिटर बादलीतच राहतो. तोटीच्या आतल्या बाजूला खाली वळलेला छोटा कोपर बसवता येतो, तो घेतलात तर तेवढी बियर वाचते. वस्तू अगदी क्षुल्लक, पण दर घाणीला दोन-तीन बाटल्या.

फर्मेंटरमधून बादलीत न्यायला ऑटो-सायफन, म्हणजे हाताच्या पंपाने सुरू होणारी ओढनळी, घ्या. तोंडाने ओढून सायफन सुरू करायची कल्पना सोडून द्या, तोंडात भरपूर जंतू असतात. ३/८ इंचाच्या ऑटो-सायफनला ५/१६ इंच आतला व्यास असलेली नळी लागते. नळी सुमारे ६ फूट, म्हणजे फर्मेंटर ओट्यावर आणि बादली जमिनीवर ठेवून ती बुडाशी गोल वेटोळी घालू शकेल. नळी दुकानातच सायफनच्या टोकावर घालून बघा. सैल जोडातून हवा शोषली जाते, नळीत बुडबुडे दिसतात, आणि तो प्राणवायू पुढे बियरला ओल्या पुठ्ठ्याची चव आणतो. पिवळी, ताठ झालेली नळी दरवर्षी बदला, ती स्वस्तच असते.

दुकानात जिला बॉटलिंग वाँड म्हणतात ती कांडी म्हणजे टोकाला झडप असलेली सरळ नळी. बाटलीच्या तळाला टेकवली की बियर सुरू, उचलली की बंद. स्प्रिंगची झडप असलेली आणि नुसत्या वजनावर चालणारी, असे दोन प्रकार आहेत. स्प्रिंगची जास्त खात्रीची, थेंब कमी गळतात. बाटली काठोकाठ भरायची आणि कांडी बाहेर काढायची. कांडीने व्यापलेली जागा मोकळी होते आणि वर साधारण इंचभर अंतर आपोआप राहतं. कांडी लांब नळीने जोडण्यापेक्षा दोन इंचांच्या तुकड्याने थेट तोटीला जोडा. मग बाटली खालून वर सरकवून कांडीवर चढवायची, दोन्ही हात बाटलीला मोकळे. ही छोटी जोडणी केली की दुसऱ्या माणसाची गरज संपते.

धुणं आणि निर्जंतुक करणं

ही दोन वेगळी कामं आहेत आणि पहिलं झाल्याशिवाय दुसरं होत नाही. वाळलेल्या गाळावर सॅनिटायझर ओतून उपयोग नाही.

धुण्यासाठी पीबीडब्ल्यू ही बियरच्या सामानाची पावडर किंवा बिनवासाचं ऑक्सिजनवालं धुलाई पावडर. कोमट पाण्यात रात्रभर भिजवलं की लेबलंही सुटतात. दोन-तीन दिवस विसरू नका, पाणी जड असेल तर काचेवर पांढरा थर बसतो. भांड्यांचा नेहमीचा साबण बाटल्यांना नको. त्याचा थर राहिला तर फेस टिकत नाही. डिशवॉशरमध्ये घालायच्या असतील तर डिटर्जंट आणि रिन्स एडशिवाय, नुसत्या गरम पाण्यावर. नळाला लावायचा पितळी जेट आणि वाकडा ब्रश या दोन गोष्टी घ्याच. जेट जुन्या गाळाच्या बहुतेक तक्रारी मिटवतो, ब्रश उरलेल्यांतल्या बऱ्याच.

निर्जंतुक करायला स्टार सॅन हे आम्लाचं सॅनिटायझर: १९ लिटर पाण्याला ३० मिली, म्हणजे लिटरला साधारण १.६ मिली. एवढं पाणी लागत नाही, ८-१० लिटरला १५ मिली भरपूर झालं. एक-दोन मिनिटं ओलं राहिलं पाहिजे, नंतर धुवायचं नाही. फेस राहिला तर राहू द्या, या प्रमाणात तो चव बिघडवत नाही. नळाच्या जड पाण्यात द्रावण गढूळ होतं. पीएच ३ च्या खाली असेपर्यंत ते कामाचं, त्यामुळे पीएचच्या पट्ट्या ठेवा. ब्लीच वापरू नका. वापरलंच असेल तर त्याला स्टार सॅनसारखं आम्लाचं द्रावण कधीही लावू नका, विषारी क्लोरिन वायू निघतो.

बाटली सॅनिटायझरने आतून भिजवणारा पंप, म्हणजे व्हिनेटर, हा चैनीचा वाटतो. पण पन्नास बाटल्या एकेक करून बादलीत बुडवून उपड्या करण्यापेक्षा तीन दाबांत एक बाटली भिजते. वाळत घालायला ४५ किंवा ९० बाटल्यांचं झाड मिळतं. ओट्यावर जागा नसेल तर डिशवॉशरचा खालचा कप्पा चालतो. झाडाचे खुंट बाटलीच्या तोंडात जातात, तेव्हा तेही सॅनिटायझरने फवारा.

मराठी स्वयंपाकघरात एक जास्तीची काळजी. दह्यातले आणि इडलीच्या पिठातले जंतू बियरला आंबट करणाऱ्या जंतूंचेच भाऊबंद आहेत. ज्या दिवशी पीठ आंबवायला ठेवलंय किंवा विरजण लावलंय, त्या दिवशी त्याच ओट्यावर बाटल्या भरू नका. नाहीतर ओटा, हात आणि फडकी सगळं बदला.

काटा, हायड्रोमीटर आणि साखर

चमच्याने, कपाने साखर मोजणं बंद करा. १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकाचा काटा कॅपरइतकाच गरजेचा आहे.

वायू मोजायचं एकक व्हॉल्यूम. १ लिटर बियरमध्ये १ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असला की १ व्हॉल्यूम. २० अंशांवर आंबलेल्या बियरमध्ये साखर घालण्याआधीच ०.८६ व्हॉल्यूम असतो. पुढचं गणित सोपं: हवा असलेल्या व्हॉल्यूममधून ०.८६ वजा करा, नेहमीची साखर असेल तर ३.८ ने गुणा, डेक्स्ट्रोज म्हणजे कॉर्न शुगर असेल तर ४.४ ने. उत्तर लिटरला ग्रॅममध्ये येतं. अमेरिकन पेल एलला २.४ हवा धरला तर १९ लिटरला १११ ग्रॅम साखर किंवा सुमारे १२९ ग्रॅम डेक्स्ट्रोज. ब्रिटिश बिटरला १.८ धरला तर ६८ ग्रॅम साखर. २.८ ला १४०. साध्या ३५५ मिलीच्या बाटलीत ३ च्या वर जाऊ नका.

तापमान धरताना आंबणं संपल्यानंतर बियर ज्या सर्वांत वरच्या तापमानाला गेली ते धरायचं. फ्रीजमध्ये २ अंशांवर ठेवून गाळ बसवला असला तरी गणित २० चंच, कारण आधीच निघून गेलेला वायू नंतर गार केल्याने परत येत नाही. गार तापमान टाकून काढलेली साखर अपुरी पडते आणि बियर सपाट लागते. १० अंशांच्या वर कधीच न गेलेल्या लागरमध्ये मात्र आधीच १.२ च्या आसपास असतो.

प्रत्येक बाटलीत टाकायच्या साखरेच्या गोळ्या मिळतात. सोपं आहे, बादली लागत नाही. पण एक गोळी साधारण ३ ग्रॅमची आणि ३७५ मिलीसाठी मोजलेली. ३५५ मिलीच्या बाटलीत तीच टाकली की वायू ३ व्हॉल्यूमच्या घरात जातो. बिटरला किंवा स्टाउटला हा फार झाला.

आता हायड्रोमीटर, म्हणजे बियरची घनता मोजायचं उपकरण. बाटल्या फुटण्याचं सर्वांत मोठं कारण जास्त साखर घालणं हे नसून आंबणं पुरं व्हायच्या आत भरणं हे आहे. ग्रॅव्हिटीचा, म्हणजे पाण्याच्या तुलनेतल्या घनतेचा, एक अंश, म्हणजे १.०१३ वरून १.०१२, इतकं आंबणं बाटलीत झालं तर सुमारे अर्धा व्हॉल्यूम वायू तयार होतो. चार अंश उरले असताना २.४ साठी साखर घातली तर होतात ४.४, आणि साधी बाटली त्यासाठी बनलेली नाही. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा, आकडा तोच आला तरच भरा. एअरलॉकमधले (फर्मेंटरमधला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतले) बुडबुडे थांबले हा पुरावा नव्हे. सेझॉनचं यीस्ट वापरलं असेल तर अजून सबुरी. त्यातल्या काही जाती इतरांना न पचणाऱ्या साखराही महिनोन्महिने पचवत राहतात.

भरायच्या दिवसाचा क्रम

१. तोटी, सायफन, नळी, कांडी सुटी करून धुवा, सॅनिटायझरमध्ये बुडवा. बाटल्यांच्या तोंडावर टवका उडाला आहे का ते बोट फिरवून नव्हे, उजेडात धरून पाहा. टवका असेल तर थेट काचेच्या कचऱ्यात.

२. मोजलेली साखर ३००-४०० मिली पाण्यात ५ मिनिटं उकळा, झाकून गार होऊ द्या.

३. पाक आधी बादलीत, बियर नंतर. नळी बुडाशी वेटोळी ठेवली की येणारी बियर स्वतःच फिरते. शेवटी निर्जंतुक चमच्याने दोन-तीन हलके वळसे. जोरात ढवळलं तर हवा मिसळते, अजिबात नाही ढवळलं तर अर्ध्या बाटल्या सपाट आणि अर्ध्या कारंज्यासारख्या निघतात.

४. बादली ओट्यावर, कांडी तोटीला, खाली डिशवॉशरचं उघडं दार. सांडलेलं सगळं त्यात जातं.

५. बाटली काठोकाठ भरा, कांडी काढा, झाकण नुसतं वर ठेवा. बारा बाटल्या झाल्या की बारा झाकणं दाबा. झाकण सैल ठेवून अर्धा तास बडबड करत बसू नका, पण एकेकीला लगेच दाबण्याचीही गरज नाही.

६. शेवटची बियर एका छोट्या पीईटी बाटलीत भरा. साधी सोड्याची ५०० मिलीची धुतलेली बाटली चालेल. ती दाबून हवा बाहेर काढून झाकण लावा. हाच तुमचा दाबमापक. ती दगडासारखी कडक झाली की बाकीच्या बाटल्यांतही वायू तयार झाला.

२०-२२ अंशांवर, अंधारात, दोन आठवडे. मिनेसोटातल्या हिवाळी तळघरात १३ अंश असेल तर चार आठवडेही कमी पडतात. बाटल्या वर घरात आणा. ८ टक्क्यांपुढच्या तीव्र बियरला दीड महिना द्या. खोकं झाकणाच्या प्लॅस्टिक टबमध्ये ठेवा, एखादी फुटली तर काचा आणि बियर आतच राहतील. पिण्याआधी निदान दोन दिवस फ्रीजमध्ये उभी. वायू बियरमध्ये नीट विरघळायला तेवढा वेळ लागतो. तासाभरात गार करून उघडली तर फेस उसळतो आणि ग्लासात बियर मात्र सपाट.

पहिली बाटली उघडल्यावर कारंजं उडालं तर ती एकच आहे का ते बघा. सगळ्याच तशा असतील आणि चव चांगली असेल, तर साखर जास्त झाली किंवा भरायची घाई झाली. सगळ्या बाटल्या लगेच फ्रीजमध्ये टाका. थंडीत यीस्ट मंदावतं आणि दाबही उतरतो. फ्रीज पुरत नसेल तर जाड हातमोजे आणि चष्मा घालून, टॉवेल गुंडाळून, एकेक झाकण किंचित उचलून वायू सोडा आणि नवं झाकण लावा. चव आंबट किंवा औषधी असेल तर लागण झाली आहे. अशा वेळी ती घाणी ओता आणि तोटी, नळी, कांडी नव्या घ्या.

केगमध्ये, म्हणजे धातूच्या पिंपात, बियर ठेवणाऱ्यांनी हे सगळं घेऊ नये. केगमधून बाटलीत भरायला ब्लिकमनची बियर गन किंवा काउंटरप्रेशर फिलर लागतो. दोन्हीत आधी बाटलीतली हवा कार्बन डायऑक्साइडने बाहेर काढली जाते, म्हणून हॉप्सचा वास टिकतो, आणि बाटलीच्या तळाला गाळ नसतो. त्यांची ख्याती फेस करण्याचीही आहे. बियर आणि बाटल्या दोन्ही बर्फासारख्या गार, रेग्युलेटर २ ते ४ पीएसआयवर, नळी १० फूट लांब आणि ३/१६ इंचाची ठेवली की फेस आवरतो. सिलिंडर आणि केग आधीपासून नसतील तर निव्वळ बाटल्यांसाठी या वाटेला जाऊ नका.

बाटली ओतून झाली की ग्लास उचलण्याआधी तिच्यात गरम पाणी घालून तीनदा हलवून उपडी ठेवा. ओला गाळ अर्ध्या मिनिटात जातो. वाळल्यावर तोच गाळ रात्रभर भिजवून आणि ब्रशने घासूनही तळाच्या कडेला चिकटून राहतो.